बांधण्याचे मोल, राखण्याचे मोल

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही चहाटपरीवर गोसेखुर्दचा विषय काढा, दोन आकडे हमखास कानावर येतात. पहिला ३७२ कोटींचा. १९८३च्या मूळ मान्यतेत वैनगंगेवरच्या या धरणाचा खर्च तेवढा धरला होता. दुसरा १८ हजार ४९४ कोटींचा. तिसऱ्या सुधारित मान्यतेपर्यंत अंदाजपत्रक तिथवर चढले, आणि पुढेही चढतच राहिले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी पायाभरणी केली, तेव्हा शाळेत असलेली पोरे आज नातवंडांना खेळवतात. प्रकल्पाचे सिंचनाचे उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरांचे. कालव्याच्या पाण्याची वाट पाहण्यात इथली एक अख्खी पिढी म्हातारी झाली.

या दुसऱ्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा ठेवून पाहावा : २१३ कोटी डॉलर. अमेरिकेच्या बी-टू या स्टेल्थ बॉम्बर विमानाची, संशोधनासकट सगळा खर्च धरून, १९९७च्या दराने एका नगाला पडलेली ही किंमत. डॉलरला ८७ रुपये धरले तर १८ हजार ५३१ कोटी रुपये होतात. मधल्या वर्षांची महागाई यात धरलेलीच नाही. म्हणजे तीन जिल्ह्यांची शेती ओलिताखाली आणायला निघालेला अख्खा प्रकल्प एका पारड्यात आणि दोन माणसांनी उडवायचे एक विमान दुसऱ्यात, तर तराजूचा काटा जवळपास मधोमध उभा राहतो. अशी विमाने अमेरिकेने एकवीस बांधली.

२०२५च्या जूनमध्ये हे विमान आपल्या घराघरांत पोचले. २२ जूनच्या पहाटे सात बी-टू विमानांनी इराणमधल्या फोर्दो आणि नतान्झ इथल्या अणुकेंद्रांवर चौदा महाबॉम्ब टाकले. एकेका बॉम्बचे वजन साडेतेरा हजार किलोंच्या वर. भंडाऱ्यातल्या साकोली तालुक्यात सानगडीच्या शिवारात ते दिवस धानाचे पऱ्हे टाकायचे. आभाळाकडे डोळे लागलेले आणि हातातल्या मोबाइलवर काळ्या, शेपूट नसलेल्या, वटवाघळाच्या आकाराच्या विमानाची चित्रे. मिसुरी राज्यातल्या व्हाइटमन तळावरून उडून, आकाशातच पुन:पुन्हा इंधन भरून घेत, काम उरकून ही विमाने सुमारे ३७ तासांनी परतली. त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी सगळ्यांनी सांगितल्या, हिशेबाची गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही. आपला देशही आता स्टेल्थ विमान बांधायला निघाला आहे, म्हणून हा हिशेब आपण मांडायला हवा.

भागाकाराची गोष्ट

गोसेखुर्दचा खर्च का फुगला, हे विदर्भाला पाठ आहे. उशीर, भूसंपादन, पुनर्वसन, वाढते दर, बदलते आराखडे आणि निविदांमधले गैरप्रकार. नंदकुमार वडनेरे समितीने यावर अहवाल दिला आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या विशेष तपास पथकानेही २०१४मध्ये अहवाल दिला. बी-टूचा खर्च फुगण्यामागचे गणित वेगळे आहे. ते भागाकाराचे गणित आहे.

रडारला चुकवायचे म्हणजे काय? रडार रेडिओलहरी सोडते आणि वस्तूवर आपटून परतलेली लहर टिपते. विमानाचा आकार असा घडवायचा की आलेली लहर मागे न फिरता भलतीकडेच निघून जाईल, आणि पृष्ठभागावर असा लेप द्यायचा की उरलीसुरली लहर तो शोषून घेईल. विमान अदृश्य वगैरे होत नाही, पण रडारवरची त्याची खूण इतकी बारीक होते की ती ओळखेपर्यंत ते येऊन निघूनही गेलेले असते. या विद्येचा गणिती पाया प्योत्र उफिम्त्सेव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या देशाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने १९७१मध्ये त्याचा अनुवाद करून घेतला आणि लॉकहीडच्या अभियंत्यांनी तो कामी आणला.

पुढे नॉर्थ्रॉप कंपनीने याच विद्येवर बी-टू उभे केले. पंखांचा पसारा ५२ मीटर, लांबी अवघी २१. धड आणि पंख वेगळे नाहीत, सगळे मिळून एकच पंख. गोलाईदार पृष्ठभागाचा प्रत्येक इंच संगणकावर आखावा लागला. नवे पदार्थ, नवी यंत्रे, नव्या चाचण्या आणि या सगळ्याभोवती गुप्ततेचा कडेकोट पहारा. हा खर्च एकदाच होतो आणि विमान एक बांधा की शंभर, तो तेवढाच राहतो.

मूळ बेत १३२ विमानांचा होता. १९८८च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या पामडेल इथे विमान जगाला दाखवले, १७ जुलै १९८९ रोजी ते पहिल्यांदा उडाले, आणि त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. ज्या शत्रूसाठी एवढा घाट घातला, तो शत्रूच विरघळू लागला. १९९०मध्ये संख्या ७५वर आली, १९९२मध्ये थोरल्या बुश यांनी ती वीसवर आणली. पुढे चाचणीच्या एका विमानाचे रूपांतर करून एकवीस झाली. एकूण खर्च ४,४७५ कोटी डॉलर. त्याला एकवीसने भागले की २१३ कोटी. यात विमान प्रत्यक्ष बांधण्याचा खर्च सुमारे ७४ कोटी डॉलर, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. बाकी सारा भार संशोधन, चाचण्या, सुटे भाग आणि सोयीसुविधांचा.

म्हणजे संख्या घटवून अमेरिकेने पैसे वाचवले हे खरेच, पण दर नगामागची किंमत आभाळाला भिडली. किंमत वाढली म्हणून विरोध वाढला, विरोध वाढला म्हणून संख्या आणखी घटली. या चक्रात एकदा सापडलेला कुठलाही शस्त्रप्रकल्प सहजी बाहेर पडत नाही.

कातडीची निगा

पण खरेदीचा आकडा हा फक्त पहिला हप्ता. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो.

बी-टूच्या अंगावरचा लेप हेच त्याचे कवच आणि तीच त्याची दुखरी जागा. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९७मध्येच लिहून ठेवले की पाऊस, उष्णता आणि दमट हवा यांनी हा लेप खराब होतो, म्हणून विमानाला आडोसा हवाच. साध्या शेडवर भागत नाही, तापमान आणि ओल ताब्यात ठेवणारे हँगर लागतात. म्हणून या विमानांचे घर जगात एकच, व्हाइटमन. बाहेर मुक्काम करायचा तर ग्वाम किंवा आपल्या दक्षिणेला हिंदी महासागरात असलेले दिएगो गार्सिया, अशी मोजकीच ठिकाणे.

आता देखभालीचे काम जवळून पाहू. पत्र्याखालचा एखादा भाग तपासायचा आहे. साध्या विमानात झाकणाचे स्क्रू काढले, भाग पाहिला, झाकण लावले की काम संपले. इथे झाकणाच्या कडेची फटसुद्धा रडारला दिसू शकते, म्हणून ती फट खास टेपने आणि लेपाने बुजवलेली. आधी ते सगळे खरवडायचे, मग झाकण उघडायचे. काम झाले की पुन्हा बुजवायचे, लेप द्यायचा, तो वाळून पक्का होईपर्यंत थांबायचे आणि पृष्ठभाग एकसंध झाला की नाही ते उपकरणाने तपासायचे. पाच मिनिटांच्या दुरुस्तीसाठी विमान कित्येक तास जमिनीला खिळते. पुढे बरीचशी टेप काढून यंत्रमानवाच्या हाताने फवारायचा नवा लेप आणला, त्याने कष्ट कमी झाले, संपले नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत विमान एक तास उडवायला शंभराहून अधिक मनुष्य-तासांची देखभाल लागत होती.

२०१०च्या सुमाराला अमेरिकी हवाई दलाच्या हिशेबात एका उड्डाण-तासाचा खर्च सुमारे १ लाख ३५ हजार डॉलर होता. डॉलरला ८७ रुपयांच्याच दराने १ कोटी १७ लाख रुपये. २०२५-२६च्या २,३६९ रुपयांच्या हमीभावाने हिशेब केला तर एका तासात जवळजवळ पाच हजार क्विंटल धान. एकरी वीस क्विंटल पिकले असे धरले, तरी अडीचशे एकरांची पऱ्ह्यांपासून मळणीपर्यंतची मेहनत एका तासात आकाशात जळते. इराणवर गेलेली सात विमाने ३७ तास हवेत होती. या जुन्याच दराने त्या एका मोहिमेचा नुसता उड्डाणखर्च तीनशे कोटी रुपयांच्या घरात जातो. त्यात बॉम्बची किंमत नाही, आणि मोहिमेत सामील झालेल्या इतर शंभरावर विमानांचा खर्चही नाही.

तीन संवेदक

२३ फेब्रुवारी २००८ची सकाळ, ग्वाम बेट. ‘स्पिरिट ऑफ कॅन्सस’ नावाचे बी-टू उड्डाणाला सज्ज होते. विमानाच्या अंगावर हवेचा दाब मोजणारे चोवीस संवेदक असतात. आदल्या दिवसांतल्या पावसाने त्यांपैकी तीन संवेदकांत ओल शिरली होती. त्या ओलीसकट त्यांचे अंशांकन (कॅलिब्रेशन) झाले. मग ती वाळवणारी उष्णता सुरू झाली, ओल उडाली, आणि केलेले अंशांकन चुकीचे ठरले. संगणकाला वाटले, वेग पुरेसा आहे. प्रत्यक्षात तो कमी होता. धावपट्टी सोडताच विमानाने नाक वर उचलले, ते सावरेना. दोन्ही वैमानिक बाहेर फेकले जाऊन वाचले, विमान तळावरच कोसळून जळाले. नुकसान १४० कोटी डॉलर.

चौकशीत जे निघाले ते मला अपघाताहून मोठे वाटते. अंशांकनाआधी संवेदक तापवून ओल घालवायची युक्ती काही तंत्रज्ञांना आधीपासून माहीत होती. पण ती नियमावलीत लिहिली गेली नव्हती, आणि म्हणून सगळ्यांपर्यंत पोचली नव्हती. अब्जावधी डॉलरचे विमान बांधणाऱ्या व्यवस्थेत एका छोट्या अनुभवाची नोंद राहून गेली. देखभाल म्हणजे केवळ सुटे भाग आणि रंग नव्हे, एकाने शिकलेले दुसऱ्यापर्यंत पोचवणे हीसुद्धा देखभालच.

२०२२च्या डिसेंबरमध्ये आणखी एका विमानाचे व्हाइटमनवर उतरताना इतके नुकसान झाले की ते दुरुस्त करणे परवडणार नाही, असा निर्णय झाला. एकविसातली एकोणीस उरली. उत्पादन केव्हाच बंद पडले असल्याने गेलेल्याची जागा घ्यायला नवे नाही.

मुंबईत जन्मलेला अभियंता

या विमानाशी महाराष्ट्राचा एक धागा जुळतो, आणि तो दु:खाचा आहे. नोशीर गोवाडिया यांचा जन्म १९४४चा, मुंबईचा. ते अमेरिकेत गेले, १९६८ ते १९८६ नॉर्थ्रॉपमध्ये राहिले आणि बी-टूच्या प्रणोदन यंत्रणेच्या प्रमुख आरेखनकारांत गणले गेले. इंजिनाचा तप्त झोत शत्रूच्या उष्णताशोधकांना दिसू नये म्हणून तो थंड करून पंखाच्या वरच्या बाजूने कसा सोडायचा, हा त्यांचा विषय. कंपनी सोडल्यावर त्यांनी सल्लागाराचा व्यवसाय केला, हवाईतल्या माउई बेटावर आलिशान घर बांधले. २००५मध्ये त्यांना अटक झाली. चीनला क्षेपणास्त्राच्या स्टेल्थ नळकांड्याचे आरेखन पुरवल्याच्या आणि अन्य आरोपांवर २०१०मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी धरले आणि २०११मध्ये ३२ वर्षांची शिक्षा झाली. चीनकडून मिळालेली रक्कम सुमारे १ लाख १० हजार डॉलर असल्याचे सरकारी पक्षाने मांडले. म्हणजे बी-टूच्या एका उड्डाण-तासाच्या खर्चाहूनही कमी. एवढ्या पैशांसाठी एका विलक्षण बुद्धीच्या माणसाचे आयुष्य मातीमोल झाले.

गुप्तता हासुद्धा या विमानांच्या खर्चाचा मोठा भाग आहे. प्रत्येक अभियंत्याची पडताळणी, बंदिस्त कारखाने, तुकड्यातुकड्यांनी वाटलेली माहिती. गुप्ततेमुळे खर्च वाढतो आणि गुप्ततेमुळेच तो नागरिकांच्या नजरेआड राहतो. तरीही अमेरिकेच्या लेखापरीक्षकांनी बी-टूच्या लेपाच्या दोषांपासून देखभालीपर्यंतचे अहवाल जाहीर केले, त्याने देशाची सुरक्षा बुडाली नाही. एफ-३५ या स्टेल्थ लढाऊ विमानाचा आयुष्यभराचा खर्च दोन लाख कोटी डॉलरच्या पुढे जाईल आणि त्यातले सुमारे १ लाख ५८ हजार कोटी डॉलर केवळ ती विमाने चालती ठेवण्यासाठी लागतील, हे २०२४मध्ये त्यांनीच सांगितले. रुपयातले बारा आणे राखण्याचे, चार आणे बांधण्याचे.

सानगडीचा किल्ला आणि रामचंद्रपंत

राखणे बांधण्याहून भारी पडते, हे मराठी माणसाला नव्याने शिकवायची गरज नाही. सानगडी हे किल्ल्याचे गाव. तट आणि बुरुज यांचे अवशेष आज झाडोऱ्यात उभे आहेत. तो किल्ला एखाद्या हल्ल्यात एका दिवशी पडला असता तर ती युद्धाची गोष्ट झाली असती. त्याला पाडले ते दर पावसाळ्यात सांध्यात रुजणाऱ्या पिंपळांनी, राखणाऱ्या हातांचा पगार थांबल्यावर.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर अख्खे प्रकरण आहे. गड बांधावा कसा, हे त्यात आहेच. पण तटावर वाढणारी झाडेझुडपे दरवर्षी काढावीत, गवत साफ करावे, पाण्याची टाकी जपावीत, दारू ओलीपासून आणि आगीपासून सांभाळावी, याचाही त्यात बारकाईने विचार आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या त्या मुत्सद्द्याला कळले होते की गडाचा खरा खर्च शिबंदी आणि डागडुजीचा.

आज ती शिबंदी कुठे आहे, तर सानगडीहून काही तासांच्या वाटेवर, नागपुरात. भारतीय हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय नागपूरला वायुसेनानगरात आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-२१च्या उत्पादनासाठी १९६४मध्ये उभा राहिला, पुढे तिथेच सुखोई-३० बांधली गेली, आणि त्याच ओझरला हवाई दलाचा दुरुस्ती तळ सुखोईंची उस्तवार करतो. बांधणे आणि राखणे, दोन्ही महाराष्ट्राच्या मातीत. २०२४च्या डिसेंबरमध्ये आणखी बारा सुखोईंचा करार झाला, सुमारे १३ हजार ५०० कोटींचा. कर आणि सोबतची सामग्री धरून नगामागे सव्वाअकराशे कोटी. सुखोई हे स्टेल्थ नसलेले विमान. त्याचीही सुट्या भागांअभावी काय अवस्था होती, ते मनोहर पर्रीकरांनी संरक्षणमंत्री असताना २०१५मध्ये उघड सांगितले : ताफ्यातली निम्म्याहून थोडीच अधिक विमाने एका वेळी उडण्याजोगी असत. विकत घेतलेले विमान आणि उडू शकणारे विमान यांतले हे अंतर देखभालीच्या पैशानेच भरून निघते.

जवाहरनगरचा हिशेब

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना जवाहरनगर लागते. इथला आयुध निर्माणी कारखाना स्फोटके आणि प्रणोदके बनवतो. २०२१पासून तो पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीखाली आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी तिथे स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगार गेले. भंडाऱ्याच्या कित्येक घरांतले कुणी ना कुणी या कारखान्यात राबलेले आहे. गावकऱ्यांना त्या नोकरीचा अभिमान असतो आणि घरच्यांना तिची धास्तीही.

शस्त्राच्या किमतीच्या तक्त्यात या आठ जणांचा रकाना कुठे आहे? बॉम्बर विमान शेवटी बॉम्ब वाहायचे साधन, आणि बॉम्बमधली दारू कुणीतरी हाताने भरलेली असते. सुरक्षित इमारती, दूरनियंत्रित यंत्रे, कामगारांचे प्रशिक्षण हा खर्च जिथे वाचवला जातो, तिथे तो जिवांनी फेडावा लागतो. शस्त्राच्या किमतीत हा खर्च पहिल्या ओळीत लिहिला गेला पाहिजे.

आपले विमान

भारताकडे आज बॉम्बर विमान नाही. शेवटचे कॅनबेरा बॉम्बर २००७च्या मे महिन्यात निवृत्त झाले. स्टेल्थ बॉम्बर बांधायचा आपला इरादाही नाही, आणि माझ्या मते नसावाही. महासागरापलीकडे जाऊन मारा करणे ही आपली गरज नाही. पण स्टेल्थ लढाऊ विमान आपण बांधतो आहोत. रशियासोबतच्या एका प्रयत्नात २०१०मध्ये प्राथमिक आराखड्यासाठी साडेएकोणतीस कोटी डॉलर दिले, २०१८मध्ये त्यातून बाहेर पडलो, हाती विमान आले नाही. आता अ‍ॅम्का हे स्वतःचे विमान. मार्च २०२४मध्ये त्याच्या विकासासाठी सुमारे १५ हजार कोटी मंजूर झाले. पंचवीस टन वर्गाचे, दोन इंजिनांचे, शस्त्रे पोटात दडवणारे.

हे विमान झाले पाहिजे. शेजारी चीन स्टेल्थ विमाने शेकड्यांनी उभी करत असताना आपण हातावर हात ठेवून बसू शकत नाही. पण बी-टूचा भागाकार आपल्यालाही लागू आहे. हे १५ हजार कोटी सव्वाशे विमानांवर वाटले तर नगामागे १२० कोटींचा भार, चाळीसच बांधली तर पावणेचारशे कोटींचा. लढाऊ विमानांची निविदा १२६ची निघावी आणि प्रत्यक्ष खरेदी ३६ राफेलांची व्हावी, हे आपण पाहिलेले आहे. अमेरिकेने बी-टूवरून धडा घेतला. पुढच्या बी-२१ विमानाची संख्या किमान शंभर ठरवली आणि सरासरी किमतीला २०१०च्या दराने ५५ कोटी डॉलरची मर्यादा घातली. आता तोटा होतो आहे तो बांधणाऱ्या कंपनीला, तिला ताळेबंदात दीडशे कोटी डॉलरहून मोठे खड्डे दाखवावे लागले. ठरल्या भावाला बांधणे किती कठीण, हे त्यातून दिसते. पण निदान भाव आधी ठरला होता आणि तो लोकांना ठाऊक होता.

आपल्याकडेही तेच व्हावे. संख्या आधी ठरावी आणि सरकार बदलले तरी ती टिकावी. पहिल्या विमानासोबतच हँगरचा, लेपाचा, सुट्या भागांचा, तंत्रज्ञांच्या शिक्षणाचा खर्च मांडला जावा. आपला पावसाळा चार महिन्यांचा आणि आपली हवा ग्वामसारखीच ओली, त्यामुळे हा खर्च आपल्याला अमेरिकेहून कमी पडणार नाही. गुपिते गुपित राहोत, पण एकूण खर्च आणि उडण्याजोग्या विमानांचे प्रमाण दरवर्षी संसदेसमोर यावे. महालेखापरीक्षक आणि लोकलेखा समिती त्याचसाठी आहेत.

१६ एप्रिल १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका जड बॉम्बरच्या किमतीत तीसहून अधिक शहरांत शाळा उभ्या राहतात, असा हिशेब मांडला होता. ते स्वतः महायुद्ध जिंकून आलेले सेनापती होते, सैन्याचे शत्रू नव्हते. शस्त्र आणि शाळा एकाच तिजोरीतून येतात, एवढेच त्यांना सांगायचे होते. ३७२चे १८ हजार ४९४ कोटी कसे होतात, हे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने स्वतःच्या कोरड्या बांधीत उभे राहून पाहिले आहे. देशाच्या संरक्षणाला तो कधीही नाही म्हणणार नाही. पण विमान किती बांधणार, किती काळ राखणार आणि त्यासाठी दरवर्षी काय पडणार, हे पहिला रुपया खर्च होण्याआधी विचारायचा हक्क त्याचा आहे, आणि उत्तर द्यायचे कर्तव्य सरकारचे.